राजमान्य राजश्री साचेकार साहेब यांचे सेवेसी

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. ‘मराठा पायदळ, १८०३’ अशी चिठ्ठी लावलेलं आपलं खोकं सुखरूप पोचलं. आत चोवीस शिपाई निघाले. चोविसांना दाढ्या, चोविसांच्या डोक्यावर एकच गुबगुबीत मुंडासं, चोविसांच्या पायांत टोक वर वळलेले जोडे आणि चोविसांच्या कमरेला अलिबाबाच्या गोष्टीतून उसनी आणलेली वाकडी तलवार. माझ्या कपाटात आपल्याच कारखान्याचं ‘मुघल पायदळ, १६५८’ हे जुनं खोकं पडून होतं. त्यातला एक शिपाई काढून नव्याच्या शेजारी उभा केला. साच्याची शिवणसुद्धा डाव्या काखेत त्याच जागी! म्हणजे औरंगजेबासाठी सामूगढला लढून दमलेला हा गृहस्थ दीडशे वर्षांनी दौलतराव शिंद्यांच्या चाकरीत असईला हजर. आपली विक्रीची यादी चाळली तर तोच टिपूकडेही आहे, रणजितसिंहाकडेही आहे. अटकेपासून श्रीरंगपट्टणापर्यंत सगळ्या हिंदुस्थानचा शिंपी एकच होता, हा शोध इतिहास संशोधक मंडळाला लागला नाही, तो आपल्याला लागला. अभिनंदन.

पत्र खुलं आहे, तेव्हा ज्यांना या छंदाची बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शिपाई तळपायापासून डोळ्यापर्यंत २८ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढा. धातूचा, प्लॅस्टिकचा किंवा रेझिनचा. तो बिनरंगी येतो. आपण तो तासायचा, जोडायचा, रंगवायचा, तळाला माती-गवत चिकटवायचं आणि मग टेबलावर हिरवं कापड अंथरून, मोजपट्टी आणि फासे घेऊन खरी झालेली लढाई पुन्हा लढायची. प्रशियाचे लष्करी अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ धडे म्हणून खेळत. १९१३ साली एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहून तो दिवाणखान्याच्या जमिनीवर आणला. आपल्याकडे पन्नाशीचा माणूस दुकानात शिपाई निवडू लागला, की दुकानदार विचारतो, “मुलगा केवढा आहे?” अनुभवी लोक “आठ वर्षांचा” म्हणून मोकळे होतात.

आता मुद्द्यावर येतो. आपण आळशी नाही, हे मी जाणतो. आपलं ब्रिटिश खोकं पाहिलंय मी. ७४ व्या हायलँडर पलटणीच्या कोटाची गळपट्टी पांढरी आणि ७८ व्या पलटणीची फिकट पिवळसर, हे आपल्या रंगपत्रिकेत ठळक छापलंय. बटणांवरची फीत एकेरी की जोडीजोडीनं, हेही आपण कोरलंय. १९ व्या लाइट ड्रॅगून्सच्या शिरस्त्राणाचा तुरा सुईच्या टोकानं केस अन् केस वेगळा केलाय. एवढं बारीक काम करणारा हात नदीच्या पलीकडच्या काठावर गेला की त्याला अचानक झोप लागते, हा मात्र वैद्यकशास्त्राचा विषय आहे. साचे महाग असतात, हेही मान्य. प्लॅस्टिकसाठी पोलादी साचा पाडायचा म्हणजे खर्चाचं काम. म्हणून एकच धड, एकच पाय आणि चार प्रकारची डोकी द्यावी, हा व्यवहार मला कळतो. पण आपण डोकीही एकाच प्रकारची दिलीत. आणि वर साल छापलंत! साल छापलं नसतंत तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

कारण १८०३ म्हणजे काय, साहेब? २३ सप्टेंबर १८०३. आजचा जालना जिल्हा, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं असई गाव. तिथं शिंद्यांकडून जे पायदळ उभं होतं ते हॅनोवरच्या पोहलमनच्या हाताखालचं. सोबत द्यूपाँच्या पलटणी आणि बेगम समरूच्या पलटणी. या पायदळाचं बीज रुजवलं सॅव्हॉयच्या बन्वा द बॉइन्यानं. १७८४ मध्ये त्यानं महादजी शिंद्यांसाठी पहिल्या पलटणी उभ्या केल्या आणि १७९० मध्ये पाटण आणि मेडता या दोन लढायांत त्या काय करू शकतात ते राजपुतान्याला दाखवलं. पलटणीतले तिलंगे म्हणजे चकमकीची बंदूक आणि संगीनवाले, कवायती, अंगात कोट, छातीवर पट्टे, थेट कंपनीच्या शिपायाच्या वळणाचे. नजीब म्हणजे तोडेदार बंदूक आणि ढाल-तलवारवाले. आणि ही माणसं कुठली? बहुतेक दोआबातली, अवधातली, रोहिलखंडातली. म्हणजे आपल्या खोक्यावर जो ‘मराठा’ शब्द आहे, त्यातला बराचसा मराठा घरी आपल्या आईशी मराठीत बोलत नव्हता.

हे वाक्य छापून आलं की माझ्याच गावातले काही लोक माझ्यावर रागावतील, हे ठाऊक आहे. त्यांना असईच्या रणात मावळा हवा असतो: भाला, घोंगडी आणि डोळ्यांत अंगार. त्यांच्यासाठी साहेब, आपला शिपाई अगदी योग्य आहे. तो तिलंगाही नाही, नजीबही नाही आणि मावळाही नाही. तो कुणाचाच नाही, त्यामुळे कुणालाही विकता येतो.

तर मी काय करतो ते ऐका. आपल्या नफ्याचा प्रश्न आहे. मी आपलं मराठा खोकं घेणं बंद केलंय. मी आपलेच कंपनीचे शिपाई घेतो, त्यांची मुंडकी उडवतो आणि त्यांना शिंद्यांच्या चाकरीत भरती करतो. धड चांगलं, कोट बरोबर, पट्टे बरोबर, बंदूक बरोबर. युद्ध सुरू होताना गव्हर्नर जनरलनं जाहीरनामा काढून शिंद्यांकडच्या ब्रिटिश प्रजाजन अधिकाऱ्यांना आपल्याकडे बोलावलं. त्या सुमाराला बऱ्याच जणांची चाकरी सुटली, पुढे पिवळ्या कोटाच्या रिसाल्यामुळे नाव झालेला जेम्स स्किनर त्यांतलाच. माझ्या टेबलावर भरती उलट्या दिशेनं चालू आहे. इंग्रजांचे शिपाई रोज रात्री थोडे थोडे शिंद्यांकडे येतात, आणि एकालाही जहागीर द्यावी लागत नाही.

मुंडकं उडवणं सोपं आहे. बारीक दातांची करवत गळपट्टीच्या वरच्या कडेला टेकवायची आणि हळू ओढायची. घाई केली तर गळपट्टीही जाते. मग मानेत अर्ध्या मिलिमीटरचं भोक हातानं फिरवायच्या गिरमिटानं पाडायचं, पितळी तार घालायची, फेविक्विकचा थेंब. खरं काम पुढे. डोकं कुठून आणायचं? दुसऱ्या कुणाच्या खोक्यातली साधी, मिशीवाली, टोपीविरहित डोकी मिळतात, त्यांवर पागोटं आपण बांधायचं. त्यासाठी ग्रीनस्टफ लागतं: पिवळी आणि निळी, दोन कांड्या सारख्या घेऊन हिरवी होईपर्यंत मळायची. तासा-दीड तासात ती ऐकेनाशी होते, सकाळपर्यंत दगड. त्या मळलेल्या गोळीची शेवईएवढी बारीक वळी करायची, दोन वळ्यांना एकमेकींचा पीळ द्यायचा आणि डोक्याभोवती तिरकी फिरवायची. पाण्यात बुडवलेल्या सुईनं एकेक घडी उठवायची. सुई कोरडी राहिली, की पागोटं सुईला चिकटून वर येतं आणि शिपाई बोडका. नळाच्या गळतीला लावतात ते एम-सील मी पूर्वी वापरलंय. ते बेसची जमीन करायला उत्तम, पण पागोट्याची घडी त्यात पडत नाही, खडबडीत दिसते. एखाद्या सरदाराला शिंदेशाही पगडी द्यायची असेल तर पुढचं टोक वेगळं करून, थोडं घट्ट होऊ देऊन मगच चिकटवायचं, नाहीतर रात्रीतून ते खाली मान घालतं.

हे सगळं पाच मिलिमीटरच्या जागेत. आपण साच्यात एकदा केलं असतं, तर जगभरच्या हजारो लोकांचे डोळे वाचले असते. पण आपण बहुधा विचार केला, या लोकांना वेळ भरपूर असतो.

तलवारीबद्दल फार लिहीत नाही. हिंदुस्थानात वाकडी तलवार होती, तशी सरळ धोपही होती, आणि कोपरापर्यंत हात झाकणारा दांडपट्टाही होता. आपल्याला फक्त चंद्रकोर ठाऊक. प्लॅस्टिकची असेल तर गरम पाण्यात बुडवून चिमट्यानं सरळ होते. धातूची असेल तर तीनदा वाकवल्यावर मोडते, आणि मग टाचणी ठोकून पातं करावं लागतं. तोडेदार बंदुकीला आपण तोडाच दिलेला नाही. नजीबानं बार काय निखारा फुंकून काढायचा? विजेच्या जुन्या वायरीतला तांब्याचा एक केस सोलून मी तो मनगटाला गुंडाळतो. चालतं.

मात्र बैल! बैलांबद्दल मी गप्प बसणार नाही.

त्या काळच्या दख्खनच्या लढाया बैलांनी ओढल्या आहेत. तोफा बैल ओढत, दारूगोळा बैल ओढत, धान्य बैल वाहत. असईला इंग्रजांचा सेनापती असलेल्या, पुढे ड्यूक झालेल्या खुद्द वेल्स्लीची मोहीम म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांच्या जोरावर चालली. द बॉइन्याच्या पलटणींच्या तोफा पलटणीबरोबर चालत, त्या काय हवेत तरंगत जात होत्या? आपण माझ्या तोफेला सहा घोडे जोडून दिलेत, तेही वॉटर्लूला शोभतील असे, गुडघ्यावर केसांची झालर असलेले. आपल्या यादीत ‘बैल’ शोधला तर एक सापडला, ‘मध्ययुगीन शेतकरी’ या खोक्यात. त्याला वशिंड नाही! पाठ सरळ, शिंगं दोन बोटं आडवी, चेहऱ्यावर आल्प्सच्या कुरणातलं समाधान. शेवटी म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या नाताळच्या गोठ्याच्या संचातला बैल मापाला बसला. बाळ येशूच्या शेजारून उठवून त्याला शिंद्यांच्या तोफखान्यात आणलं. त्यालाही वशिंड नव्हतं. ते ग्रीनस्टफनं चढवलं, खांद्याच्या किंचित मागे झुकलेलं. गळ्याखाली पोळी लोंबती केली. मग खिलारी शिंगं: पितळी तारेला आधी मागे, मग वर, मग टोकाला किंचित आत असा बाक द्यायचा, बुडाशी जाड आणि टोकाला निमुळतं करायला पुन्हा मळलेलं ग्रीनस्टफ. एका तोफेला चार जोड्या. एकेका जोडीच्या शिंगांचा बाक सारखा आला पाहिजे, नाहीतर जोडी विजोड दिसते आणि कुठलाही शेतकऱ्याचा पोरगा टेबलापाशी येऊन तेच आधी म्हणतो. पोळ्याला लोक बैलांची शिंगं रंगवतात. मला रंगवायच्या आधी उगवावी लागली.

हत्तीचं थोडक्यात. आपला ‘मराठा युद्धहत्ती’ आफ्रिकेचा आहे. कान पंख्याएवढे, पाठ मधे खोलगट. वर हौद्यात चार तिरंदाज, १८०३ साली! द बॉइन्या पुढे शाँबेरीला परत गेला आणि तिथं त्याच्या स्मरणार्थ १८३८ मध्ये कारंजं बांधलं. त्यात चार हत्तींचे फक्त पुढचे अर्धे भाग आहेत, मागचे नाहीतच, आणि गावकरी त्यावरून आजही चेष्टा करतात. पण त्या अर्ध्या हत्तींचे कान तरी आशियातले आहेत. एकदा जाऊन बघा, आपल्याला जवळ पडेल.

घोडे भीमथडीचे, ठेंगणे आणि काटक हवेत, आपले गलेलठ्ठ आहेत. पुढे.

रंगाचं मात्र सांगायला हवं, कारण आपण शिपायांबरोबर रंगाच्या बाटल्याही विकता. त्यात एका बाटलीवर लिहिलंय ‘इंडियन स्किन’. एक बाटली! आमच्या एका वाड्यात, एका पंगतीला बसलेल्या माणसांचे रंग आपल्या अख्ख्या रंगपेटीत मावणार नाहीत. मी गडद तपकिरीपासून सुरुवात करतो, एकाला वर गेरूकडे जाणारा, दुसऱ्याला पिवळ्या मातीकडे जाणारा, तिसऱ्याला जवळपास काळाच ठेवून फक्त नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या हाडावर उजेड देतो. दोआबातला एक, आग्र्याकडचा एक, बुऱ्हाणपूरचा एक. जवळून पाहणाऱ्याला कळतं, लांबून पाहणाऱ्याला नुसती जिवंत रांग दिसते. आणि पांढरं कापड पांढऱ्या रंगानं रंगवू नका, असं आपल्या पत्रिकेत लिहायला काय हरकत होती? राखाडी-खाकीवर सुरुवात करून, घडीघडीवर उजळत शेवटी कडांवर फक्त पांढरा लावला, तर सुती अंगरखा दिसतो. थेट पांढरा फासला तर चुन्याची भिंत. आषाढातल्या दमट हवेत फवाऱ्याचं मॅट वार्निश शिपायांवर पांढरट धुकं सोडतं, पण ती तक्रार आपल्याकडे नाही, वरुणाकडे वेगळी पाठवली आहे.

आता खोक्यातल्या नियमांच्या कागदाकडे वळतो, कारण इथं आपला विनोद फार वरच्या पट्टीला गेलाय. ब्रिटिश पलटण: ‘निवडक’. मराठा पायदळ: ‘अप्रशिक्षित जमाव, पहिल्या धक्क्यात पळण्याची शक्यता’. साहेब, असईला त्या दिवशी वेल्स्ली पिंपळगावजवळच्या उतारानं केळणा ओलांडून बाजूनं आला. त्याचा अंदाज होता की बेसावध पायदळावर आडवं पडता येईल. त्या ‘जमावानं’ काय केलं? तोफांसकट सगळी फळी काटकोनात फिरवली आणि दोन नद्यांच्या मधे नवी फळी धरली, रांग न मोडता. हे करायला किती कवायत लागते, ते टेबलावर चोवीस शिपाई फिरवताना मोजपट्टी घेऊन बसलेल्याला विचारा. मग तोफांचा मारा. इंग्रज फळी तोफांवरून पुढे गेली तेव्हा मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी इंग्रजांच्या पाठीवर बार काढले. ७४ वी पलटण, जिची पांढरी गळपट्टी आपण इतक्या प्रेमानं कोरलीत, ती असई गावाकडे भरकटली आणि तिचे तुकडे झाले. लढाई वेल्स्लीनं जिंकली, यात वाद नाही. शिंद्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या. पण त्याची १५८४ माणसं मेली, जखमी झाली किंवा सापडली नाहीत, म्हणजे लढाईत उतरलेल्यांचा जवळपास तिसरा हिस्सा. वॉटर्लू जिंकल्यानंतरही तो आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचंच नाव घेत असे. पहिल्या धक्क्यात पळणाऱ्या जमावाशी लढून कुणी असं म्हणतं का? शत्रूला हलकं ठरवताना आपण आपल्याच ड्यूकला खोटं पाडलंत.

आपल्या बचावाला इथले एक मित्र धावून आले. म्हणाले, “दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे कुठे अचूक असतात? सगळे एकाच साच्याचे, गुलाबी गालांचे.” खरं आहे. कुंभारवाड्यात मावळा एकाच साच्यातून निघतो, महाराज सिंहासनावर बसलेले, तुतारीवाला एक, भालेवाला एक, आणि पोरं शेजारी प्लॅस्टिकचा वाघ आणि एखादा रणगाडाही ठेवतात. किल्ल्यावर पेरलेली मोहरी मावळ्यांच्या कमरेपर्यंत येते आणि कुणाची तक्रार नसते. पण तो कुंभार मावळ्याच्या तळाला ‘दुसरी ब्रिगेड, १८०३’ लिहीत नाही. तो संशोधनाचे पैसेही लावत नाही. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग तुम्ही स्वतःच साचा का करत नाही? आता रेझिनचे थ्रीडी प्रिंटर घरोघर आलेत, आणि परदेशातले काही एकटे-दुकटे कारागीर, ज्यांना कुणी ओळखतही नाही, आपल्यापेक्षा चांगला तिलंगा घडवू लागलेत. मी त्यांच्याकडून मागवायला सुरुवात केली आहे. आपल्याला ही बातमी माझ्याकडूनच कळावी असं वाटलं.

तरीही आपण कधी नवा साचा पाडलात, तर फार मागत नाही. तिलंगा वेगळा, नजीब वेगळा. डोकी वेगळी, सुटी, निदान सहा तऱ्हांची, त्यांत निम्मी बिनदाढीची. एक तोफ, चार बैलजोड्या, वशिंडासकट. गोलंदाज दोन तऱ्हांचे: एक उभा, बत्ती हातात घेतलेला, दुसरा जमिनीवर पडलेला, एक डोळा उघडा. हा दुसरा आपण पाडलात, तर मागचं सगळं माफ.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
शिंद्यांच्या तोफखान्यातला एक बैलकरी

ता. क. आपल्या शिपायांची उडवलेली मुंडकी माझ्याकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात साठली आहेत. आपलाच माल आहे, म्हणून परत पाठवतो आहे. टपाल कचेरीतल्या बाईंनी सीमाशुल्काच्या कागदावर ‘वस्तूचे वर्णन’ विचारलं. मी खरं तेच लिहिलं. बाईंनी एकदा डबा बघितला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, “मुलगा केवढा आहे?”

मी सांगितलं, आठ वर्षांचा.